बगळ्यांमधून उरलेला एक फोटो

चंपतरावांनी डोक्याकडून आणि धाकट्या रुपरावांनी पायाकडून खाट उचलली, आणि आईला खाटेसकट दारातून तिरपं करून अंगणात आणलं. घरात उजेड नव्हता. डॉक्टरांनी आजच्या रात्रीचीही खात्री दिली नव्हती, आणि मनकर्णाबाईंचा आयुष्यात एकही फोटो निघालेला नव्हता.

थोरल्या मुलाकडे कॅमेरा नव्हता अशातला भाग नाही. नागपुरात दर रविवारी पहाटे चंपतराव सक्करदऱ्याच्या तलावाकाठी चिखलात बसून बगळ्यांचे फोटो काढत. माणसं हलतात, बगळा थांबतो, असं त्यांचं मत होतं. आताच्या रोलवरही बगळेच होते; एक फोटो तेवढा उरला होता. मौद्याच्या बाजारात दुसरा रोल मिळाला नव्हता. आणि मावळतीचं ऊन अंगण सोडून गोठ्याच्या छपरावर चढू लागलं होतं.

“माय, डोळे उघड. एकदाच.”

माय उघडेना. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावायचा तरी कसा? चंपतराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांचा कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत वाकून पाहायचा होता. मान खाली.

आता, गावात आजारी माणसाला आतून उचलून अंगणात आणतात ते एकाच वेळी. त्यात थोरला मुलगा मान खाली घालून उभा. शेजारच्या अंगणातून चुलत जाऊ रुखमाबाईंनी हे पाहिलं आणि हंबरडा फोडला.

“गेली वं! माह्या जिवाची जाऊ गेली!”

जात्याचा खुंटा कोणी मोडला यावरून दोघींत कित्येक वर्षं अबोला होता. रुखमाबाई धावत आल्या आणि मनकर्णाबाईंचा हात धरून खाटेवर कोसळल्या.

“आता मी भांडू कोनासंग वं!”

“काकू, सरका! पाया पडतो तुमच्या,” चंपतरावांचा आवाज फुटला. “ऊन चाललं! माय हाये अजून!”

पण रुखमाबाईंचा सूर लागला होता.

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले.

“कोन मेलं गा?”

रुखमाबाईंचं रडणं अर्ध्यावर अडकलं. त्या उठायला गेल्या, तर मनकर्णाबाई हात सोडेनात.

“सोड वं. फोटूत येईन मी.”

“येशीन तं ये. रडाले आली, आता काहून पळून राहिली?”

चंपतरावांनी खटका दाबला. ऊन छपरावरून गेलं.

दिवसकार्य झाल्यावर ते नागपूरच्या दुकानात फोटो घेऊन गेले. रुखमाबाईंना कापून काढता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. येईल, पण हात राहील, असं दुकानदार म्हणाला. फोटो आहे तसाच भिंतीवर लागला. दोघींचे डोळे उघडे आहेत.

रुखमाबाई रोज सकाळी येतात. वाऱ्यानं हार सरकून फोटोतल्या त्यांच्याच अंगावर आलेला असतो. त्या स्टुलावर चढून तो पलीकडे सारतात.

“तुहा हार तुह्याकडं ठेव वं,” त्या म्हणतात, आणि उत्तरासाठी जराशा थांबतात.