चैतीने भरवलेला कोरा तुकडा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही मुंगीएवढे झाला आहात आणि एका वाळलेल्या घोसाळ्याच्या आत शिरला आहात. चहूकडे पांढऱ्या धाग्यांच्या खोल्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सगळ्या रिकाम्या, आणि सगळ्यांतून वारा फिरतो आहे.

मी अशाच एका घोसाळ्याचा जुना तुकडा आहे. साखरशेत गावात, चैती नावाच्या मुलीच्या अंगणाच्या कुंपणावर आमचं घोसाळं वाढलं आणि तिथेच वाळलं. वारा आला की पोटातल्या बिया खुळखुळत.

२००४ सालच्या उन्हाळ्यात शेजारची नीताताई सुट्टीला घरी आली. ती मुंबईला संशोधन करत होती. चैतीने तिला आमचं घोसाळं दिलं, तेव्हा ताईने चैतीच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग हलकेच चाचपला.

"कातडी फार भाजली ना, की नव्या पेशींना वस्ती करायला आधार लागतो. घराला वासे लागतात तसा. ही जाळी चालेल का, ते बघतोय आम्ही. पण आधी ती ओली राहून दबते का, ते कळायला हवं."

त्या दिवसापासून मला एकच स्वप्न पडू लागलं. माझ्या खोल्यांत कुणीतरी राहायला आलं आहे.

ताईने आमचे सारखे नऊ तुकडे केले. कुणाला काय मिळणार, त्याच्या चिठ्ठ्या चैतीने डोळे झाकून काढल्या. तिघांना जाळी ताठ राहावी म्हणून केलेल्या लेपाचा एक थर, तिघांना दोन, तिघांना काहीच नाही. मी त्या शेवटच्या तिघांत आलो. मग मिठाच्या पाण्याच्या नऊ बरण्या एकाच फळीवर मांडल्या.

लेप थेट पेजेसारखा दिसायचा.

"ताई, या तिघांना नाय दिला?"

"त्यांना कोरंच ठेवायचं. लेपाने काय फरक पडला, ते त्यांच्यावरूनच कळेल."

 पण चैतीच्या घरी पेज वाढताना दारातल्या कुत्र्यालाही वगळत नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बाहेर काढलं, उरलेल्या लेपात बुडवलं आणि उन्हात वाळवलं. लेप एकापुरताच उरला होता.

"खा गुपचूप," ती म्हणाली आणि मला पुन्हा बरणीत सोडलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पंधरा दिवसांनी ताईने एकेकावर छोटं वजन ठेवून पाहिलं. लेपवाले ताठ राहिले. माझे दोघे कोरे भाऊ चपटे झाले. मी मात्र ताठ. ताईने मला उचलून निरखलं.

"कोराही टिकतो की काय? मग लेप हवाच, असं कसं म्हणू? उद्या मुंबईच्या सरांना तसंच लिहावं लागेल."

चैतीचा चेहरा उतरला. सांगितलं, तर ताई बरण्यांना पुन्हा हात लावू देणार नाही. नाही सांगितलं, तर माझ्यात बसून खोटं मुंबईला जाणार. मला तर तोंडच नव्हतं.

"ताई, तो कोरा नाय," ती शेवटी म्हणाली. "उपाशी होता, म्हणून मीच दिला."

ताईने पेन खाली ठेवलं. "पंधरा दिवस गेले गं." मग तिला हसू आलं. "उपाशी म्हणे. अगं, उपाशी राहणं हेच त्याचं काम होतं. अजून एखादं घोसाळं आहे का?"

वहीत माझ्यावर रेघ मारली गेली आणि शेजारी कारण लिहिलं गेलं. तेव्हापासून मी या खिडकीत पडून आहे. माझ्या खोल्यांत अजून फक्त वारा येतो. मित्रांनो, तुमच्या हाती कधी असा कोरा तुकडा आला, तर त्याला कोराच जपा. जपताना कधी कधी हात आवरावा लागतो.

चैतीने दुसरं घोसाळं आणलं, डोळे झाकून पुन्हा चिठ्ठ्या काढल्या. मग रोज दुपारी ती तीन कोऱ्या बरण्यांसमोर दोन्ही हात पाठीमागे धरून बसायची.

"आज दोन झाले," ती त्यांना सांगायची, "आता तेराच राहिले."