बाळांचा ताणकाटा

मित्रांनो, आधी माझ्या तोंडाकडे बघून हसू नका. काच तडकलेली आहे, तबकडी पिवळी पडली आहे आणि तिच्यावरचा सहा आता शून्यासारखा दिसतो. मी एक जुना ताणकाटा आहे. वर एक कडी, खाली एक हूक, पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. सध्या एका बंद खोलीत दारामागच्या खिळ्याला लटकून असतो. हुकाला काही टांगलेले नसते, म्हणून काटा दिवसभर शून्यावर. बोलायला चिटपाखरू नाही. तुम्ही आलात, बरे झाले. बसा, माझी कहाणी सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याचा एक तपासनीस होता. तो आम्हा भावंडांना एकेक करून टांगायचा, ठरलेले वजन लावायचा, काटा बघायचा आणि पुटपुटायचा, "खोटं बोललास तर परत भट्टीत." माझ्या शेजारच्या भावाने थोडेसे वाढवून सांगितले, तो खरोखरच भट्टीत गेला. तेव्हापासून खरे बोलायची सवय मला जी लागली ती लागलीच. बाकीचे भाऊ कोणी मासळीबाजारात गेले, कोणी भंगाराच्या दुकानात. तिथे दिवसभर घासाघीस आणि आरडाओरडा चालतो, पण निदान सोबत तरी असते. मला एका सुईणीने विकत घेतले.

ती आडव्या बांध्याची, मोठ्या पंजांची बाई होती. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा तिला मावशीच म्हणत. घरोघर जाऊन बाळंतपणे करायचे काम ती रीतसर शिकली होती. पोट दिसायला लागल्यापासून ती त्या घरी जायला लागायची आणि बाळ झाल्यावरही कितीतरी आठवडे जात राहायची. काही अवघड दिसले तर उगाच हट्ट न करता वेळीच इस्पितळ गाठायची. माझ्यासाठी तिने पातळ सुती कापडाची झोळी शिवली. झोळीत बाळ, झोळी माझ्या हुकाला, आणि मी दाराच्या चौकटीला. अशी माझी नोकरी सुरू झाली.

तुम्हाला वाटेल, बाळ जन्मले की पहिला मान माझा. छे! बाळ आधी आईच्या उघड्या छातीवर. ते तिथे चाचपडणार, मुटकुळे करून पडणार, प्यायला शिकणार. तोवर मी पिशवीत, टॉवेलांच्या खाली. बाहेर नातेवाईक उतावीळ. "किती भरलं? किती भरलं?" मावशी म्हणायची, "थांबा हो, बाळ काही वजन घेऊन पळून चाललं नाही." मग शेवटी माझी पाळी. त्या घटकेला मात्र घरातले झाडून सारे डोळे माझ्या तोंडावर लागायचे. कोणी टाळ्या वाजवायचे, कोणी माझी पाठ थोपटायचे, जणू बाळ मीच भरवले होते! आणि काटा सांगून झाला की कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाही.

मला सगळ्यात जास्त काय लागले, सांगू? इतकी बाळे माझ्या जिवावर लोंबकळली, पण एकाही बाळाचा हात मला कधी लागला नाही. ती खाली, झोळीत, उबेत. मी वर, लोखंडाचा, गार. माझ्याकडून तोललेली मुले आता आईबाप झाली असतील. त्यांतल्या एकालाही मी आठवत नसेन. त्यांचा तरी काय दोष? तेव्हा त्यांचे डोळेसुद्धा धड उघडलेले नव्हते.

पण एका घराची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती. खाली सुताराचे दुकान, त्यामुळे दिवसभर रंधा चाले आणि खिडकीच्या कठड्यावर लाकडाचा बारीक भुसा बसे. पलंगाच्या वर दोरी बांधून तिच्यावर लंगोट वाळत घातलेले. त्या घरची सून पहिलटकरीण होती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. नवरा बोटीवर इंजिनात कामाला, महिनोन् महिने लांब. बाळंतपणासाठी सासूबाई येऊन राहिल्या होत्या. सासूबाई वाईट नव्हत्या बरे का. पहाटेपासून राबायच्या. पण त्यांचा सगळा जीव बाळावर, आणि बाळाचा सगळा हिशोब माझ्या तबकडीवर.

बाळंतपण सुखरूप झाले. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरले. मावशी म्हणाली, "उतरतंच, घाबरू नका." पण नंतरच्या खेपेलाही काटा वर सरकला नाही. मावशीच्या कपाळाला आठी पडली. तिने सुनेला विचारले, "तू कशी आहेस?"

"बरी आहे," सून म्हणाली.

"तिला काय झालंय? ती मजेत आहे," सासूबाईंनी वरून पुस्ती जोडली.

मावशी हात धुवायला आत गेली आणि सासूबाई सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे बघ, पुढच्या खेपेलाही वाढलं नाही ना, तर मी बाळाला घेऊन थोरल्या लेकीकडे जाते. भरलेलं घर आहे, चार माणसं आहेत, बाटलीनं पाजू. बघता बघता बाळसं धरेल. तू इथं निवांत आराम कर. मी फोनवर विचारलंय त्याला, तोही म्हणाला, आई म्हणते तसं करा."

किती मायेने म्हणाल्या त्या! आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीला यातले काही कळले नाही. मी तिथेच चौकटीला लटकलेला होतो, मी सगळे ऐकले. पण मला एकच भाषा येते, किलो आणि ग्रॅमची. तिच्यात 'या मुलीकडे बघा' असे म्हणता येत नाही. पिशवीतून परत जाताना इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

पुढच्या खेपेला आम्ही दुपारी गेलो. बाळ एका जाडजूड दुपट्यात गच्च गुंडाळलेले होते.

"मावशी, आज याच्यातच ठेवू या ना," सून म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उघडलं की रडेल."

"बरं बाई, राहू दे," मावशी म्हणाली आणि झोळी बाजूला ठेवून तिने दुपट्याच्या गाठीच माझ्या हुकात अडकवल्या.

मित्रांनो, मला तत्क्षणी कळले. त्या ओझ्यातला एक भाग मऊ होता, श्वासाबरोबर हलत होता. आणि पायाशी, एका कोपऱ्यात, काहीतरी मुकाट, कडक होते. धातूला धातूची ओळख लगेच पटते. पण मी काय करणार? जे टांगाल ते मी सांगणार. काटा भराभर वर गेला.

"अगं बाई! वाढलं की!" सासूबाईंनी हात जोडले. "बघ, मी म्हणत होते ना!"

सून हसली नाही. ती जमिनीकडे बघत होती.

आता तिची चूक काय झाली, ते ऐका. झोळीचे वजन मावशीने पूर्वीच एकदा करून पाठ केलेले होते, म्हणून झोळी वेगळी टांगताना सुनेने कधी पाहिले नव्हते. तिला वाटले, काटा बघितला की काम झाले. पण दुपटे नवे होते. मावशीने बाळ अलगद काढून सासूबाईंच्या हातात दिले आणि म्हणाली, "दुपट्याचं वजन वजा करायला नको का?"

"नको!" सून एवढ्या जोरात म्हणाली की बाळ दचकले.

तोवर मावशीने रिकामे दुपटे टांगले होते. काटा खाली यायला हवा होता तितका आला नाही. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सुनेकडे. मग दुपट्याचा तो कोपरा तिने बोटांनी चाचपला. टाके घातलेले होते, घाईघाईने घातलेले, वेडेवाकडे.

"आजी," ती सासूबाईंना म्हणाली, "बाळाला द्या माझ्याकडे आणि जरा चहा टाका बघू. घसा सुकलाय."

सासूबाई आत गेल्या. मावशी पलंगावर सुनेला खेटून बसली. त्या टाक्यांचे नावही न काढता तिने विचारले, "पोटभर कधी जेवलीस शेवटचं?"

"आठवत नाही."

"आणि झोप?"

"झोपले आणि उठून बघितलं तर बाळ नसेल, असं वाटतं," सून म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "त्या नेणार आहेत त्याला, मावशी. आज वाढलं नाही तर नेणार आहेत. मला वाटलं, एवढ्या खेपेला काटा वर गेला की मग मी कसंही करून... मी वाईट आई आहे."

"वाईट असतीस तर सुईदोरा घेऊन कशाला बसली असतीस?" मावशीने टाके उसवले. नवऱ्याच्या ट्रंकेचे पितळी कुलूप तिच्या तळहातावर पडले. "हे गुटगुटीत आहे हो तुझं! पण याच्या नादात खरं उपाशी राहिलं ना पोरी."

रडता रडता पोरीला हसू फुटले. तेवढ्यात दारात कप वाजले. सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांची नजर त्या कुलपावर होती.

मावशीने काही लपवले नाही. "वजन वाढलेलं नाही, आजी. आजच्या आज डॉक्टरांना दाखवू. पण बाळाला हिच्यापासून तोडू नका. तोडलंत तर असेल नसेल ते दूधही आटेल. बाळाला बघणारे पुष्कळ आहेत, हिला कोणी नाही."

मला वाटले, आता कडाडणार. पण सासूबाई हातातले कप ठेवून तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "माझं पहिलं असंच वाळत गेलं. घरात काटाबिटा काही नव्हता. सगळे म्हणायचे, वाढतंय, वाढतंय. मी ऐकत राहिले. मला आता नुसत्या शब्दावर धीर धरवत नाही गं."

हे त्यांनी या घरात कोणालाच सांगितले नव्हते, मुलालासुद्धा. सून थोडी सरकली आणि पलंगावर तिने त्यांच्यासाठी जागा केली.

डॉक्टरांनी तपासले. बाळ निरोगी होते, फक्त उपाशी राहत होते. मावशी रोज यायला लागली. सुनेच्या पाठीशी उशा लावायच्या, बाळाचे पोट आईच्या पोटाला लावायचे, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायचे, आणि दूध गिळल्याचा आवाज आला की मग गप्प बसायचे. सासूबाईंनी स्वयंपाक, कपडे आणि दारावर येणाऱ्या बघ्यांना परत पाठवणे, ही कामे घेतली. शेवटचे काम त्या फार आवडीने करायच्या. माझा काटा हळूहळू सरकू लागला. घाई त्याने कधी केली नाही, पण परतही फिरला नाही.

मावशीची शेवटची फेरी झाली त्या दिवशी बाळाने पाय झाडून मला लाथच घालायची बाकी ठेवली होती. सगळे हसले. मग सासूबाई म्हणाल्या, "हिचंही करा की हो वजन. पार वाळलीय पोर."

"याला नाही पेलायची ती," मावशी मला उतरवत म्हणाली. "याचे आकडे बाळापुरतेच."

"मग मीच बघते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि दात आवळून तिला जमिनीपासून जराशी उचलली. सून ओरडली, "अहो आई, पडू आपण!" आणि मग तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकवले. सासूबाईंनी तिला लवकर खाली ठेवलेच नाही.

पुढे मावशीचे गुडघे गेले, फिरणे थांबले. तिच्या जागी आलेल्या मुलीकडे सपाट, दिवे लागणारा काटा आहे. तो चांगला आहे, माझी तक्रार नाही. मावशी आता कुठे असते, मला ठाऊक नाही. मला कोणी सांगत नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस झाले. पण कधी एखाद्या घरी बाळ बघायला गेलात आणि सगळे पाळण्याभोवती गर्दी करून उभे असले, तर तुमच्यातल्या एकाने तरी पलंगाकडे जा. तिथे कोणीतरी एकटी बसलेली असेल. तिला विचारा, "जेवलीस का?" आणि ती "हो" म्हणाली तरी लगेच पाळण्याकडे परत जाऊ नका. तिच्याजवळ थोडे बसा.