वाचनपीठावरचा दिवा

वायरमनने तिसरा स्क्रू सोडवून खिशात टाकला आणि चौथ्याला हात घालण्याआधी दिव्याची मान सरळ केली. गरज नव्हती. दिवा काढायचाच होता. पण बारा वर्षं दर शनिवारी तो हेच करत आला होता, त्यामुळे हात आपोआप गेला.

वाचनपीठाच्या कडेला बसवलेला हा छोटा दिवा त्यानेच लावलेला. वळणारी मान, वर वाटीएवढी टोपी, आत पिवळा बल्ब. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं काम बायकोकडे आलं तेव्हा तिच्यासाठी त्याने तो आणला होता. उजेड बरोबर उघड्या पुस्तकावर पडावा म्हणून मापं घेऊन भोकं पाडली होती. आणि पहिल्याच रविवारी बायकोने दिव्याची मान वर उचलून टोपी स्वतःच्या तोंडाकडे फिरवली होती.

मग ते चालूच राहिलं. शनिवारी तो चर्चमधले दिवे, पंखे बघायला यायचा आणि मान खाली पुस्तकाकडे करून जायचा. रविवारी ती पुन्हा वर करायची.

"अगं, दिवा पुस्तकासाठी आहे," तो म्हणायचा.

"माहीत आहे हो."

"मग तोंडावर कशाला घेतेस?"

"मला तसं बरं पडतं."

एकदा उपासनेनंतर घरी जाताना तो चिडून म्हणाला होता, "लोकांना चेहरा दाखवायचाय का तुला?" तिने हातातलं पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं होतं. मग म्हणाली होती, "हो, तसंच समजा," आणि लगेच भाजी कुठली घ्यायची ते विचारलं होतं. त्याला वाटलं, विषय संपला.

तिला जाऊन आता अकरा महिने झाले होते. ते वाक्य मात्र दात घासताना, वायर सोलताना, कधीही वर यायचं. बाकी काही परत घ्यावं असं त्याला वाटत नव्हतं. तेवढं एक घ्यावंसं वाटायचं.

"दिवा निघाला का, काका?" पाळकसाहेब बाजूच्या खोलीतून आले. वयाने त्याच्या मुलासारखे, बोलताना एका जागी उभं न राहणारे. आताही ते बाकांच्या मधल्या वाटेने चालतच बोलत होते. "वरचे नवे दिवे छान झालेत. सगळीकडे सारखा उजेड. आता हा कशाला हवाय? आणि खरं सांगू, काकू वाचायच्या छान, पण मला नेहमी वाटायचं, उजेड वचनावर पडावा, माणसावर नाही."

"मीही तेच म्हणायचो," वायरमन म्हणाला.

"उद्याचा पाठ दिव्याचाच आहे. दिवा झाकून ठेवायचा नसतो, तो भाग. तुम्ही वाचाल का?"

"तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय."

"चौथ्यांदा. मागे तुम्ही शिडीवर होतात, ऐकलं नसेल."

"ऐकलं होतं."

पाळकसाहेब हसले. मग जरा हळू म्हणाले, "काका, तुम्ही शनिवारी येता, रविवारी येत नाही. देवावर राग आहे का?"

वायरमनने स्क्रूड्रायव्हर पुसला. "राग बिग नाही. शनिवारी काम असतं, म्हणून येतो. रविवारी नुसतं बसायचं असतं. ते जमत नाही."

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणाला तरी दवाखान्यात भेटायला जायचं होतं. अर्ध्या तासात येतो म्हणून ते गेले.

वायरमन चौथ्या स्क्रूकडे वळला तेव्हा त्याला दिसलं की दिव्याच्या मानेवर एका जागी काळा रंग पार उडाला आहे आणि खालचं लोखंड चकचकीत झालं आहे. अंगठ्याएवढी जागा. त्याचा स्वतःचा हात तिथे पडत नसे, तो टोपीला धरून फिरवायचा. त्याने त्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला आणि काढून घेतला.

मागे दार वाजलं. चपलांचा आवाज मधल्या वाटेने पुढे आला.

"दिवा काढताय?"

सपाट, चढउतार नसलेला आवाज. मागे न बघताही त्याने ओळखला. शिलाईवाली. चौकापलीकडे तिचं दुकान होतं, दर रविवारी खिडकीकडच्या दुसऱ्या रांगेत बसायची. रस्त्यात मागून हाक मारली तर वळायची नाही, नमस्कार केला तरी लक्ष असेल तरच मान हलवायची. बायकोशी बोलताना तो तिला महाराणी म्हणायचा. बायकोला ते आवडत नसे. "तिला काही म्हणत जाऊ नका," एवढंच म्हणायची.

"हो, काढतोय," तो स्क्रूकडे बघत म्हणाला. "पाळकसाहेबांनी सांगितलंय."

"दिवा काढताय का?"

"हो म्हटलं ना."

ती वाचनपीठाला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली. हातात घडी घातलेलं पांढरं कापड होतं, वाचनपीठावर घालायला शिवलेलं. "भाऊजी, इकडे बघून बोला."

भाऊजी म्हणण्याइतकी ओळख कधी झाली, हे त्याला कळेना. त्याने तिच्याकडे बघून पुन्हा सगळं सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत राहिली आणि शेवटी तिने मान हलवली.

"नाही कळत. तुमच्या मिशा आड येतात."

"कशाच्या आड?"

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. बटण तुटलंय, अशा सुरात. "सोळा वर्षं झाली. तापात गेलं. मी ओठ बघते. तुमचे दिसतच नाहीत."

वायरमनचा हात मिशांकडे गेला. जाड, दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या मिशा. लग्नाच्या फोटोतही त्या होत्या. बोलून उपयोग नव्हता. नव्या दिव्यांचं खोकं पायाशी पडलं होतं. त्याने त्याचा एक पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल घेतली आणि लिहिलं: कोणाला माहीत आहे?

"ताईंना होतं." ती त्याच्या बायकोबद्दल बोलत होती. "ब्लाउज न्यायला आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बोलत बसल्या. मी उत्तर दिलं नाही. दुसरी बाई असती तर रागावून गेली असती. त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलल्या."

तिने हे मला का सांगितलं नाही, त्याने लिहिलं.

"मीच नको म्हटलं. लोकांना कळलं की ओरडून बोलतात. ओरडताना तोंड वाकडं होतं, मग काहीच कळत नाही. त्यापेक्षा घमेंडी म्हणू देत." ती किंचित हसली. "तुम्ही मला महाराणी म्हणता ना?"

तो पुठ्ठ्याकडे बघायला लागला.

"समोरच्या फुटपाथवरून म्हणाला होतात. तेव्हा मिशा बारीक केल्या होत्या तुम्ही."

हातातली घडी तिने बाकावर ठेवली आणि वाचनपीठासमोर, दुसऱ्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली. तिथून म्हणाली, "त्या दिवा तोंडावर घ्यायच्या ते माझ्यासाठी. इथून ओठ लख्ख दिसायचे. वरून उजेड आला की नाकाखाली सावली पडते."

हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं तो लोकांच्या खोल्यांत दिवे लावत होता. आरशासमोर दाढी करायला वरचा दिवा चालत नाही, बाजूने लागतो, हे त्याने किती गिऱ्हाइकांना समजावलं होतं.

"पण मग त्यांना पुस्तक दिसायचं नाही. दिवा डोळ्यांत जायचा," ती म्हणाली. "म्हणून आठवडाभर पाठ करायच्या."

वायरमन वाचनपीठाला टेकला. भांडी घासताना बायको पुटपुटायची. कपडे वाळत घालतानाही. तोंडात काय चालू असतं विचारलं की म्हणायची, रविवारचं. त्याला वाटायचं, बाईला देवाचं वेड आहे. आणि ती फार सावकाश वाचते, एकेक शब्द तोंडात घोळवते, याबद्दलही त्याने तिला टोकलं होतं. जरा लवकर आटपत जा, असं.

त्याने पुठ्ठा उलटा केला. लिहायला वेळ लागला. मग पुढे जाऊन तिला दाखवला. आता कसं करता?

"येते, बसते, जाते. पाळकसाहेब बोलताना चालतात. कधी तोंड दिसतं, कधी पाठ. वाचतात तेव्हा मान खाली असते."

घरी वाचता येत नाही का, त्याने लिहिलं. लिहिल्यावर त्याला ते उगाच वाटलं, पण तिने वाचलं होतं.

"येतं की. रोज वाचते. घरी मी मलाच वाचून दाखवते. इथे कोणीतरी माझ्याकडे बघून वाचायचं."

एवढं बोलून ती उठली. कापडाची घडी उलगडून तिने वाचनपीठावर घातली, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं. दिव्यापाशी कापडाला एक अर्धगोल काप दिलेला होता, कड नीट दुमडून शिवलेला, दिव्याचा पाया मोकळा राहावा म्हणून. तिने तो काप बोटाने सारखा केला. दिवा काढू नका असं काही ती म्हणाली नाही. गेली.

पाळकसाहेब परत आले तेव्हा वायरमन वाचनपीठापाशी वाकून स्क्रू पिळत होता.

"अजून निघाला नाही?"

"बसवतोय."

"का हो?"

"मला लागेल." त्याने शेवटचा स्क्रू घट्ट केला आणि उभा राहिला. "उद्या वाचा म्हणता ना?"

पाळकसाहेब चालता चालता थांबले. "पान काढून ठेवतो," ते म्हणाले.

"पान नको. मला आत्ताच लिहून द्या. घरी न्यायचंय."

रविवारी सकाळी वायरमन मोरीतल्या आरशासमोर उभा राहिला. आरशाच्या बाजूला त्यानेच लावलेला दिवा होता. आधी कात्री चालवली, मग वस्तरा. वरचा ओठ उघडा पडला. भिंतीवरचा जुना बोर्ड काढल्यावर मागे जसा न उडालेला रंग दिसतो, तशी ती जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ आणि परकी दिसत होती. त्याने आरशात बघत पाठातली पहिली ओळ म्हटली. ओठ कसे हलतात ते पाहिलं. आणखी सावकाश म्हटली. रात्री जेवण झाल्यावर दोन तास तो तेवढंच करत होता, पण शाळा सुटल्यापासून त्याने काही पाठ केलं नव्हतं. पहिला अर्धा भाग बरा बसला होता. पुढचा घसरत होता.

चर्चमध्ये दोघा-तिघांनी त्याला ओळखलंच नाही. जवळ बसलेल्या एकाने कानाशी येऊन विचारलं, "वायरमन, कुठे गहाण ठेवल्या?" तो हसला नाही, पण बरं वाटलं.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला. वाचनपीठापाशी जाऊन त्याने दिवा लावला आणि त्या चकचकीत जागेवर अंगठा ठेवून मान वर वळवली. फार जोर लावावा लागला नाही. मान बरोबर जागेवर जाऊन थांबली. टोपी त्याच्या तोंडासमोर आली आणि पुस्तकाचं पान काळं पडलं. डोळ्यांपुढे नुसता पिवळा गोळा होता. बारा वर्षं तिला हेच दिसत होतं.

पहिल्या बाकावरून पाळकसाहेब हाताने खाली, खाली अशी खूण करत होते. मागे कोणीतरी हळूच हसलं. वायरमनने नाही म्हणून मान हलवली आणि दिवा तसाच ठेवला. गोळ्याच्या कडेने बघितलं की खिडकीकडची दुसरी रांग दिसत होती. खिडकीतला उजेड तिच्यावर पडला होता. ती ताठ बसली होती.

त्याने सुरुवात केली. एकेक शब्द सुटा, आरशासमोर म्हटला तसा. पहिलं वाक्य गेलं. दुसरं गेलं. डोंगरावरच्या नगराचं झालं, मग दिव्याचं आलं, दिवा लावून तो कशाखाली ठेवत नाहीत ते आलं, आणि तिथे तो अडला. पुढे तो दिवा कशावर तरी ठेवतात. जुना शब्द होता, घरात कधी बोलला न जाणारा. रात्री दहा वेळा म्हटला होता. आता नव्हता. त्याने पुस्तकात पाहिलं, तर तिथे पिवळ्या गोळ्याखाली अंधार होता. दिव्याला हात लावला असता तर अक्षरं दिसली असती. त्याचा हात कापडावर होता तिथेच राहिला.

कोणीतरी खोकलं.

त्याने वर पाहिलं. दुसऱ्या रांगेत शिलाईवालीचे ओठ हलले. आवाज न करता, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. तिने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा त्याला दिसलं.

"दिवठणीवर," वायरमन म्हणाला, आणि पुढे वाचू लागला.