ओढीची घोडी

“ओढते का, काय विचारता काकू? वजन विचारा वजन!” घोडी विकणारा विएसेक हसला, तशी लेओकादियाच्या कानशिलांना आग लागली.

नवरा गेल्यापासून जंगलातून ओंडके ओढून आणायचं काम तीच करायची. म्हातारी घोडी हिवाळ्यात गेली. आज दुसरी मिळाली नाही तर कामही जाणार होतं. आणि सोकुल्काच्या बाजारात ओढकामाच्या या दणकट जातीची घोडी किलोवर विकली जात होती, इटलीच्या खाटकांसाठी!

“डुकरं आहेत का ही? दलदलीत ट्रॅक्टर रुतला की तुझा बाप काढणार?”

“काढलाय की,” मागच्या खोक्यावरून विएसेकचा बाप कोन्स्तान्ती म्हणाला. “याचाच. घोडी लावून.”

विएसेक लाल झाला.

लेओकादियानं तांबूस घोडीच्या खुरांवरचे लांब केस बाजूला करून कातडी पाहिली, पाय दाबले. मग स्वतः आणलेला ओढकामाचा जाड गळपट्टा तिला चढवला आणि साखळीला ओंडका बांधला. साखळी ताणली गेली तशी घोडी थांबली. विएसेकनं चाबूक उचलला.

लेओकादियानं त्याचं मनगट धरलं. “मारतोस कशाला? हिला कधी जुंपलंच नाहीस तू! ही जात झटका देत नाही. आधी अंगाचा भार टाकून बघते. बघू दे तिला.”

ती घोडीच्या तोंडाशी नुसती उभी राहिली. घोडीनं मान खाली घातली, रुंद छाती पुढे रेटली, आणि ओंडका चिखलातून सरकला.

“छान ओढते,” विएसेक म्हणाला. “पण भाव खाटकाचाच.”

तिनं तेवढे पैसे मोजले. विएसेकनं घोडीचा दोर तिच्याकडे फेकला.

“उघड्या हातानं? जनावर देतोयस की पोतं? जुनी रीत आहे, कोटाच्या पदरात धरून दे, नाहीतर बरकत जाईल तुझी!”

“माझ्या जाकिटाला पदर कुठंय? चेन आहे.”

कोन्स्तान्ती खोक्यावरून उठला. दोर उचलून त्यानं आपल्या जुन्या कोटाच्या पदरात गुंडाळला आणि पुढे केला. लेओकादियानंही आपल्या कोटाच्या पदरात तो धरला. म्हाताऱ्याची मूठ काही सैल होईना.

“सोडा, दादा,” ती हळूच म्हणाली. इतका वेळ चढलेला तिचा आवाज एकदम खाली आला.

“सोडतोय.”

घोडी तिच्यामागून निघून गेली. पलीकडे विएसेक उरलेली सगळी घोडी खाटकाच्या ट्रकमध्ये चढवत होता. पुन्हा खोक्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं कोटाचा रिकामा पदर अजून मुठीत आवळून धरला होता.