नव्या करवतीला जुनं पान

नवी मायटर करवत, म्हणजे लाकूड कोनात कापणारी, मला पहिल्या नजरेत आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मंगळवारी सकाळी ब्रॉननं ती खोक्यातून काढून पॅस्कोबाईंच्या घराखाली मांडली, तेव्हा मी चहा पीत होतो, आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. घर उंच खांबांवर, खाली सावली, कपडे वाळत घालायची दोरी, एक मोडकी सायकल. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मेरीबरोत सुतारकामाला याहून चांगली जागा नाही. तिथे हे पिवळंधमक यंत्र नव्या जावयासारखं बसलं होतं.

आदल्या दिवशी माझी जुनी करवत धूर सोडून गेली. बावीस वर्षं तिनं साथ दिली. ब्रॉन माझ्याबरोबर आठ वर्षं काम करते आहे, आणि ती आठही वर्षं म्हणत होती की हे धूड बदल. मी बदललं नाही. मग सोमवारी संध्याकाळी ती मला न विचारता शेजारच्या हर्व्ही बे गावाला जाऊन नवी घेऊन आली.

या नवीला वायर नाही, बॅटरीवर चालते. एका हातानं उचलता येते. चालू केली की दचकवत नाही, हळूच वेग घेते, आणि बटण सोडलं की पातं जागच्या जागी थांबतं. जुनीचं पातं थांबेपर्यंत माझं एक वाक्य बोलून व्हायचं. हिच्यात एक दिवा आहे, तो पात्याची सावली लाकडावर पाडतो. पेन्सिलीच्या रेघेवर सावली आणायची आणि कापायचं. भुसासुद्धा अंगावर उडवत नाही, आपल्या पिशवीत भरते. मी म्हणालो, फारच शिस्तीची आहे.

"भांडायला कोणी मिळालं नाही की तुला करमत नाही, म्हाताऱ्या," ब्रॉन म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

तिला वर दाराची चौकट रुंद करायची होती. मी खाली राहिलो, आणि पहिलं काम केलं ते हे: जुन्या करवतीच्या मागच्या लोखंडी पट्टीवरून पत्ता सोडवला आणि नवीच्या पट्टीवर, त्याच जागी, चिकटपट्टीनं लावला.

पत्ता म्हणजे किलवरची नव्वी, चार घड्या घातलेली. जुनी करवत एकदा गाडीच्या मागून रस्त्यावर पडली होती आणि तेव्हापासून अर्धा अंश वाकडी कापायची. लाकूड ज्या पट्टीला टेकवतात तिच्या डाव्या बाजूला ही नव्वी घातली की कोन बरोबर यायचा. पत्ता माझ्या बायकोच्या, ग्लेनिसच्या, जोडातला. आमच्या घरातला पत्त्यांचा डाव अकरा वर्षं एका पानानं लंगडा आहे, आणि ते पान कुठे गेलं हे मी तिला सांगितलेलं नाही. अकरा वर्षांत हात इतका सवयीचा झाला होता की पत्ता लावताना मी दुसराच विचार करत होतो. मी पॅस्कोबाईंच्या फळीचा विचार करत होतो.

पॅस्कोबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता शुक्रवारी चाकाच्या खुर्चीतून घरी यायच्या होत्या. खुर्ची झोपायच्या खोलीच्या दारातून जात नाही म्हणून दार रुंद करायचं. चौकटीभोवती जी लाकडी फळी मारतात, त्यातली वरची आडवी नवी करायची होती आणि उजवीकडची उभीही नवी. डावीकडची उभी मात्र तीच राहणार होती, कारण तिच्यावर आमच्या रेघा होत्या.

आमच्या म्हणजे माझ्या आणि रॉडच्या. रॉड त्यांचा मुलगा. मी शेजारच्या घरातला. आई साखर कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे मी जेवायला पॅस्कोबाईंकडे आणि मारही खायला त्यांच्याकडेच. आमचे वाढदिवस चार दिवसांच्या अंतरानं. दरवर्षी त्या दोघांना त्या फळीला पाठ लावून उभं करायच्या, डोक्यावर लोण्याच्या डब्याचं झाकण धरायच्या आणि पेन्सिलीनं रेघ मारून नाव आणि साल लिहायच्या. चार वर्षांपासून सतरापर्यंत. सतराव्या वर्षीची माझी रेघ रॉडच्या रेघेच्या बोटभर वर आहे. रॉड आता पर्थला असतो, त्रेसष्ट वर्षांचा आहे, आणि अजून म्हणतो की त्या दिवशी मी टाचा उचलल्या होत्या.

सोमवारी बाईंनी इस्पितळातून फोन केला होता. दार रुंद कर, हवं तर भिंत पाड, पण ती फळी जशी होती तशी जमिनीवर टेकलेली पाहिजे, असं बजावलं.

"खालून केसभरही कापलीस तर बघ, क्लाइव्ह. मोजमाप जमिनीपासून आहे."

मी म्हणालो, खालून हात लावणार नाही. पण वरून लावावा लागणार होता. दोन वर्षांपूर्वी ब्रॉनच्या वडिलांनी हे घर जॅकवर उचलून खाली नवे खांब घातले आणि मजला समपातळीत आणला. घर सरळ झालं आणि जुन्या दारांचे सगळे कोपरे उघडे पडले. फळीचं वरचं तिरपं टोक आता आडव्या फळीला नीट मिळत नव्हतं. त्याची एक पातळ चकती उडवायची, बस. चौकटीची कड आणि फळी यांच्यामध्ये आम्ही सुतार तिन्ही बाजूंनी सहा मिलिमीटरची सारखी पट्टी मोकळी सोडतो. एवढीशी चकती गेली तर ती त्यात खपून जाते.

कोणताही शहाणा सुतार नव्या करवतीवर आधी रद्दी लाकडाचा तुकडा कापून कोन तपासायचा गुण्या लावून बघतो. मी बघितलं नाही. जुन्या करवतीवर मी कधी बघत नसे, आणि पत्ता तर तोच होता. भिंतीवरून सोडवून खाली आणलेली ती जुनी फळी टेकवली, सावली रेघेवर आणली, कापली. काप इतका गुळगुळीत आला की मी त्यावरून अंगठा फिरवला आणि मनात म्हटलं, ठीक आहेस. मग नव्या देवदारी फळीचं टोक कापलं आणि दोन्ही जोडून धरली.

कोपऱ्यात फट होती.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंदच झाला. नवी कोरी, एवढी महाग, दिवा लावून फिरते, आणि वाकडी कापते. मी वर ओरडून ब्रॉनला सांगितलं की तुझी लाडकी जुनीपेक्षाही वाकडी आहे, अर्ध्या अंशाच्या पत्त्यानं तिचं भागत नाहीये. मग त्याच घमेंडीत सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा घडी करून नव्वीच्या खाली घातला आणि फळी पुन्हा कापली.

फट आणखी मोठी झाली. आतापर्यंत मी यंत्रावर चिडलो होतो. आता हातातली फळी दिसली. एक चकती ठरलेली होती. दोन गेल्या होत्या, आणि सांधा अजून मिळालेला नव्हता.

ब्रॉन खाली आली. पट्टीवरचा पत्ता तिनं दोन बोटांनी सोडवला, उलगडला, माझ्यापुढे धरला. मग रद्दी पट्टीचे दोन तुकडे कापले आणि जोडले. मधे नखसुद्धा जात नव्हतं.

"हिला चष्मा लागत नाही रे," ती म्हणाली. "तूच तिला म्हातारीचा चष्मा घातलास."

मी अकरा वर्षं वाकड्या करवतीला सांभाळून घेत होतो आणि त्याला माझं कसब समजत होतो. सरळ करवत समोर आली तेव्हा तिलाही वाकडी करूनच कामाला लावली. लाज वाटली. एवढी लाज मला उमेदवारीच्या पहिल्या वर्षानंतर वाटली नव्हती.

तिसरा काप बरोबर आला. पण मोजलं तर फळी एकूण चार मिलिमीटरनं आखूड झाली होती.

आता दोन वाटा होत्या. पहिली सोपी: फळी चार मिलिमीटर वर उचलायची, खाली लाकडाची चीप सरकवायची, फटीत लांबीचा लगदा भरायचा, वरून रंग. वरचा कोपरा देखणा, तिन्ही बाजूंची पट्टी सारखी. कोणालाही कळणार नाही. दुसरी वाट म्हणजे फळी जमिनीवरच ठेवायची आणि आडवी फळी चार मिलिमीटर खाली घ्यायची. मग बाजूंना सहाची पट्टी आणि वर जेमतेम दोनची. घरात येणाऱ्या कुठल्याही सुताराची नजर आधी तिथे जाईल, आणि दार कोणी केलं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

मी चीप कापली, हे कबूल करतो. ती हातात घेऊन गुडघ्यावर बसलो. फळीवर सर्वांत खाली माझी चार वर्षांची रेघ होती, क्लाइव्हमधलं एक अक्षर बाईंनी चुकीचं लिहून खोडलेलं. आमच्या घरी त्या काळात माझी उंची बघायला कोणाला सवड नव्हती. माझ्या लहानपणाचा लेखी पुरावा म्हणाल तर एवढाच, आणि तो चार मिलिमीटरनं खोटा करायला मीच बसलो होतो. मी चीप खिशात टाकली. ब्रॉनला म्हणालो, वरची खाली घे.

"सगळे हसतील," ती म्हणाली.

"हसू देत."

ती हसली नाही. तिनं आडवी फळी खाली धरली आणि मी खिळे मारले. दोन्ही कोपरे असे मिळाले की मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं, आणि त्यांच्या खालची ती दोन मिलिमीटरची पट्टी बघवत नव्हती. उरलेल्या दोन दिवसांत करवतीवर आम्ही खोलीच्या सगळ्या कडेपट्ट्या कापल्या. मी एकदाही पत्त्याला हात लावला नाही. पत्ता ब्रॉननं काढून घेतला होता. बुधवारी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी शीळ घालतो आहे.

शुक्रवारी पर्थहून आलेला रॉड आईला घेऊन आला, आणि जिन्यावरून खुर्ची आम्ही तिघांनी उचलून वर नेली. दारात त्यानं वर पाहिलं. तो सुतार नाही, बँकेत होता, पण लहानपणी माझ्याबरोबर वाढलेला, त्यामुळे चूक शोधायला डोळा तयार. वरची पट्टी बारीक झालीय रे, म्हणाला. मी सांगितलं, हो, माझी चूक.

बाईंनी वर पाहिलंच नाही. खुर्ची फळीजवळ घ्यायला लावली आणि गाऊनच्या खिशातून काहीतरी काढलं. किलवरची नव्वी होती. मी ब्रॉनकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. गुरुवारी ती इस्पितळात जाऊन आली होती, आणि सगळी कथा सांगून आली होती.

"हे खाली घालून बघ," बाईंनी रॉडला सांगितलं.

रॉड गुडघ्यावर बसला. पत्त्याची कड त्यानं फळीच्या बुडाशी इकडून सरकवली, तिकडून सरकवली. कुठेच शिरेना. बाई त्याचे हात बघत होत्या, मी बाईंचा चेहरा. त्यांनी पत्ता परत घेतला, माझ्या हातात दिला आणि माझा हात जरा वेळ धरून ठेवला.

"ग्लेनिसला नेऊन दे. आणि दोघं उभे राहा इथे. बघू किती उरलात."

लोण्याचा डबा कधीच गेला होता, म्हणून ब्रॉननं माझा गुण्या घेतला. बाई म्हणाल्या, आधी तो सरळ आहे का बघ, याचा आहे. आम्ही आळीपाळीनं फळीला पाठ लावली. टाचा जमिनीवर आहेत की नाहीत हे रॉडनं वाकून तपासलं. ब्रॉननं रेघा मारल्या, बाईंनी सांगितलं तशी नावं लिहिली, साल लिहिलं.

रॉड त्याच्या सतराव्या वर्षीच्या रेघेपेक्षा सव्वीस मिलिमीटर खाली आला. मी अठरा. म्हणजे अजूनही मीच उंच, आणि हे मी त्याला जेवताना दोनदा सांगितलं. फळी उचलून बसवली असती तर जुन्या रेघाही वर गेल्या असत्या आणि माझे अठराचे बावीस झाले असते, चार मिलिमीटरनं मी उगाच म्हातारा झालो असतो.