आजारी माणसाने हाक मारायची नसते

ही २०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी सेरंगूनला आमच्या ब्लॉकची लिफ्ट बदलली, आणि शेजारच्या जियाएनने जेवणाआधी हाक मारणं सोडलं.

माझे यजमान यादवराव गेल्यावर सुगतने, माझ्या मुलाने, मला नागपूरहून इथे परदेशात आणलं. तो दिवसभर लॅबमध्ये, सून दीप्ती नोव्हेनाला हॉस्पिटलात नर्स. संध्याकाळी मी दार उघडं टाकून जाळीमागे लसूण सोलत बसायची. कोपऱ्यावर जियाएनचं, म्हणजे येओंचं घर. त्यांचंही दार उघडं असायचं आणि जेवणाचं टेबल मला सरळ दिसायचं.

त्या घरची एक रीत होती. वाट्या मांडल्या तरी चॉपस्टिकला कोणी हात लावायचा नाही. सगळ्यांत धाकट्याने मोठ्यांना वयाप्रमाणे हाक मारायची: आ-मा, जेवा. पप्पा, जेवा. मम्मी, जेवा. मग आ-मा, म्हणजे जियाएनची आजी, पहिला घास घ्यायची. मला ते ऐकायला फार आवडे. माझे वडील गिरणीतून येईपर्यंत आम्ही भावंडं अशीच थांबायचो. हात धुऊन ते विचारायचे, "जेवलात का रे?" आम्ही जेवलेलो नाही हे त्यांना ठाऊक असायचं. लेकरांशी त्यांचं एवढंच बोलणं, पण त्यात सगळं यायचं.

जियाएन सोळा वर्षांची. आपल्याकडच्या दहावीसारखी ओ-लेव्हल तोंडावर आलेली, शाळेनंतर ट्यूशनवर ट्यूशन. एका संध्याकाळी वाट्या मांडल्या आणि हाक आलीच नाही.

"हाक," तिचे वडील मिस्टर येओ म्हणाले. त्या घरात इंग्रजी-चिनी मिसळून, वाक्याशेवटी 'लाह' जोडून बोलत. मला कळलं नाही ते मागून जियाएननेच सांगितलं.

ती भाताकडे बघत राहिली.

"एक शब्द मागतोय मी. तोंडात मिठाची गुळणी धरलीयस? हाक नाही, तर जेवण नाही."

ती उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, मग रोजच. पोरीचे गाल बसत चालले.

ती मला आजी म्हणायची, शब्द मीच शिकवलेला. दुपारी माझ्याशेजारी बसून लसूण सोलायला लागायची. एकदा विचारलं, "हाक का मारत नाहीस गं? दोन शब्द तर आहेत."

"लिफ्टमध्ये प्रॅक्टिस करते, आजी. टेबलाशी आलं की घसा बंद. हाक मारली की सगळे माझ्याकडे बघतात. मग पप्पा विचारतात, मॅथ्स किती? मम्मी विचारते, बाकीच्यांना किती? आणि मी कोण त्यांना जेवा म्हणणारी? मी काय केलंय असं?"

"असं म्हणू नये, बाळा."

"ट्रू लाह." तिने पाकळी बोटांत फिरवली. "मी नसते ना, तर हे टेबल शांतपणे जेवलं असतं."

माझे हात थांबले. दीप्ती घरी येताच तिला सांगितलं. तिने खांद्यावरची पर्सही काढली नाही. "आई, हा हट्ट नाही, आजार आहे. डिप्रेशन. आमच्याकडे पोहोचेपर्यंत अशा मुलांचे आई-बाप म्हणत असतात, उद्धट झालीय." ती तशीच येओंच्या दाराशी गेली. जियाएनच्या हातात स्वतःचा नंबर दिला आणि वडलांशी बोलली.

मिस्टर येओ माणूस सभ्य. "थँक यू. पण ताप नाही, खोकला नाही. आळस आहे, बस. घरातली गोष्ट आहे." आणि त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं. ते दार लागलेलं मी प्रथमच पाहिलं.

सकाळी आ-मा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. आमची भाषा म्हणजे थोडी इंग्रजी आणि बाकी हातवारे. मी छातीवर हात ठेवला. "जियाएन सिक. इथे." मग टेबलाविषयी पोर काय म्हणाली ते सांगितलं. आ-माच्या झारीतलं पाणी तिच्याच पायावर सांडत राहिलं.

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "तुमच्याकडे आजारी माणसालाही हाक मारावी लागते?"

"नो लाह!" ती जवळजवळ रागावलीच. "आजारी माणसाने हाक मारायची नसते. त्याला आपण पेज न्यायची." बोलली आणि झारी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी लाकडी दार आ-माने स्वतः उघडलं. वाट्या मांडल्या. मिस्टर येओ म्हणाले, "हाक." जियाएन खुर्ची सरकवून उठायला लागली, पण तिच्या आधी आ-मा उठली. आतून वाफाळत्या पेजेची वाटी आणली, नातीसमोर ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "जियाएन, जेव."

सगळ्यांत थोरलीने सगळ्यांत धाकटीला हाक मारली! जियाएनच्या आईच्या हातातली पळी खाली पडली.

"आई, रीत उलटी करतेस?" मिस्टर येओ म्हणाले.

"रीत तू विसरलास. टायफॉइडमध्ये अंथरुणावर होतास, तेव्हा मला हाक मारत होतास?"

"हिला ताप कुठे आहे?"

"मग डॉक्टरला विचार. आजार नाही म्हणाला, तर उद्यापासून तिच्याऐवजी मी तुला हाक मारीन. पप्पा, जेवा!"

जियाएनची आई हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातून नुकतीच आलेली, पास अजून गळ्यात. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "उद्या मी रजा घेते."

जियाएनने चमचाभर पेज घेतली, तीत आसवं पडत होती. थोड्या वेळाने मिस्टर येओंनी खारवलेल्या अंड्याची बशी हळूच तिच्याकडे सरकवली.

दीप्तीने त्यांना नोव्हेनाला नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं सुरू झालं. डॉक्टरांनी आई-वडलांनाही बसवलं. टेबलावर मार्कांची गोष्ट काढायची नाही, असं ठरलं. येओंना ते फार जड गेलं. प्रश्न ओठांवर आला की ते तोंडात कोंबडीचा तुकडा घालायचे. त्या वर्षी त्यांचं पोट सुटलं.

पुढच्या चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला बसले, तेव्हा जियाएन म्हणाली, "आ-मा, जेवा." एवढंच. पप्पा-मम्मींपर्यंत ती पोहोचली नाही. कोणी टोकलं नाही. सगळे जेवले.

जियाएनने ओ-लेव्हल वर्षभर उशिरा दिली. आता पॉलिटेक्निकमध्ये जहाजांची इंजिनं शिकते आणि आईला ऑफिसातल्या चुका दाखवते. आई लवकर घरी यायला लागली. दीप्ती बढती मिळून हेड नर्स झाली, सुगतचं डोकं अजून लॅबमध्येच असतं. आ-मा गेल्या वर्षी गेली. शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा नातच पेज घेऊन जायची आणि हाकही मारायची.

मिस्टर येओ एकदाच मला म्हणाले, "आंटी, मला वाटायचं, ती मला मान देत नाही." आणि कुंड्यांना पाणी घालत राहिले. आता ते काम त्यांचं आहे.

अजूनही जियाएनचा एखादा आठवडा वाईट जातो. तेव्हा त्या घरातून हाक येत नाही. पेजेचा वास येतो, आणि मिस्टर येओंचा आवाज, "जियाएन, जेव."