मावशीचा जीव कुणावर

फर्निचरच्या दुकानात त्यांना सगळे सरकवे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नव्हतं. त्यांचं काम एकच, मांडणी. आजचा सोफा उद्या तिकडे, कपाट खिडकीशी, जेवणाचं टेबल दारात. ‘माल तोच ठेवा, जागा बदला, गिऱ्हाइकाला नवा वाटतो,’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि खरंच माल खपायचा, त्यामुळे मालकांनी त्यांना पार हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं.

झाडावर चढलेला माणूस घरी येताना खाली उतरतो थोडाच? दर रविवारी सकाळी सरकवे बाह्या सरसावायचे आणि घर हलवायचे. एकदा बायको नेहमीच्या खुर्चीवर न बघता बसायला गेली आणि धपकन फरशीवर बसली. खुर्ची तोवर पलीकडच्या भिंतीला गेली होती.

“अहो, इथे गिऱ्हाईक येत नाही हो, इथे मी राहते!” ती कंबर धरून ओरडली.

सरकव्यांनी तिला मलम आणून दिलं. खुर्ची मात्र जागची हलवली नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय?

मावशी ही त्यांची मांजर. वाघाची मावशी म्हणून मावशी. बायकोने तिला बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून आणलं, तेव्हाच ती म्हातारी होती. एक कान फाटका, चेहऱ्यावर कायमची नाराजी. पिल्लं सगळेच नेतात, हिला कोण विचारणार, म्हणून बायकोने आणली. मावशीने या उपकाराची फेड म्हणून बायकोच्या मांडीवर बसणं तेवढं मान्य केलं. सरकव्यांकडे तिने इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आणि एकाएकी काय झालं कोण जाणे, मावशी सरकव्यांच्या पायात घोटाळायला लागली. ते उठले की ही उठणार. ते न्हाणीघरात गेले की दाराशी बसून टाहो फोडणार. झोपताना त्यांच्या घोट्याला अशी चिकटून पडायची की त्यांना कूस बदलायची चोरी.

सरकव्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “उशिरा का होईना, या घरात कुणाला तरी माझी किंमत कळली,” ते बायकोला ऐकवू लागले. दुकानात तर येईल त्याला पकडून सांगायचे. पलंग बघायला आलेल्या एका बिचाऱ्या नवदांपत्याला त्यांनी मावशीचे फोटो दाखवले. पलंग राहिला बाजूला.

“ती अशी नव्हती हो,” बायको म्हणाली. “म्हातारं जनावर एकदम असं चिकटायला लागलं म्हणजे काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांना दाखवू या.”

“प्रेमावर औषध असतं का कुठे? सरळ सांग ना, तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात.”

बायकोने कपाळावर हात मारला. मावशी कपाटाला धडकली, तर सरकवे म्हणाले, माझ्याकडे बघत चालत होती. ताटली शोधत स्वयंपाकघरभर फिरली, तर म्हणाले, माझ्या हातून खायचंय तिला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे म्हणतात, इथे लांडगाच मेंढीवर हुरळला होता.

मग एका संध्याकाळी मावशीने सोफ्यावर उडी मारली. सोफा गेल्या रविवारीच तिथून हलला होता. मावशी फरशीवर अशी आपटली की बायको किंचाळली. तिने टोपली काढली, मावशीला आत ठेवलं आणि चपला घातल्या. सरकवे मागोमाग निघाले. माझ्याशिवाय ती राहणार नाही, हे त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मावशीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच राहिल्या.

“हिला दिसत नाहीये. कधीपासून?”

मावशीचं वागणं कधीपासून बदललं, ते बायकोने सांगितलं. बाईंनी रक्तदाब मोजला आणि मान हलवली. म्हाताऱ्या मांजरांना होतं असं, दाब वाढतो आणि डोळे जातात. गोळीने दाब उतरेल, जीवाचा धोका टळेल. “पण नजर आता येणार नाही. वागणं बदललं तेव्हाच आणलं असतं, तर कदाचित थोडी वाचली असती.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. “मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आपल्या घरात कोण पीत होतं, ते कळलं ना?”

“पण ती माझ्या मागे मागे फिरते,” सरकवे चाचरत म्हणाले. “म्हणजे जीव लागलाय तिचा...”

“घरातलं सामान हलवलंत का एवढ्यात?” बाईंनी विचारलं.

“एवढ्यात?” बायको म्हणाली. “दर रविवारी!”

बाईंनी सुस्कारा सोडला. “आंधळ्या मांजराला घर पाठ असलं की ते मजेत फिरतं. हिने पाठ करायचं आणि तुम्ही पुसायचं, असं चाललंय. घाबरलीय ती. मग ज्याचा आवाज सतत येतो त्याला धरून चालते. तुम्ही बोलता का फार?”

“अखंड,” बायको म्हणाली.

“सगळं एका जागी ठेवा. मग बघा, हे पायात घोटाळणं आपोआप थांबेल.” बाईंनी ही आनंदाची बातमी म्हणून सांगितली होती.

घर बायकोच्या मनासारखं लागलं. सरकवे रविवारी हात मांडीखाली दाबून बसू लागले. मावशी आधी भिंतीला घासून चालली, मग मधून चालली. एके दिवशी कपाटाला वळसा घालून, स्टुलाच्या कडेने, थेट बायकोच्या खुर्चीवर चढली.

“बघा, कशी ऐटीत आली!” बायकोचे डोळे भरून आले.

“मावशी, मी इकडे आहे गं,” सरकवे म्हणाले. मावशीचा फाटका कान जरासा वळला आणि परत जागेवर गेला. सरकव्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. या वयात, या घरात, न्हाणीघराच्या दाराशी कुणी आपली वाट पाहत बसावं, हे सुख त्यांनी पहिल्यांदाच चाखलं होतं. आता ते गेलं होतं, आणि ते घालवायला दर रविवारी हात आवरून तेच बसत होते.

पुढच्या रविवारी बायको मागच्या खोलीत कपडे वाळत घालत होती. सरकवे उठले. स्टूल वीतभर सरकवलं. वीतभरच! मांडणीतल्या माणसाला फार लागत नाही. मग ते गप्प उभे राहिले.

मावशी ऐटीत आली. तिचं नाक स्टुलाच्या पायावर आदळलं. ती जागच्या जागी खिळली, मान इकडे तिकडे फिरवली आणि हंबरडाच फोडला.

“काय झालं हो?” आतून बायकोने विचारलं.

“काही नाही. मला बोलावतेय,” सरकवे म्हणाले आणि त्यांनी मावशीला उचललं. तिने नखं रोवून त्यांचा सदरा घट्ट धरला. हाताखाली तिचं काळीज धडधडत होतं. ते प्रेम नव्हतं, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना स्वतःची किळस आली. तरी त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.